बालशिक्षणाची पदवी घेताय? मग या चुका टाळा

"मुलं मला खूप आवडतात, म्हणून या क्षेत्रात आले." ठाण्यातल्या बालवाड्यांत सरावासाठी येणाऱ्या मुलींच्या तोंडी हे वाक्य असतंच. आवड हवीच. पण समोर साडेतीन वर्षांची वीस मुलं असतात, एक रडतंय, दुसऱ्याला शी लागलीय, तिसऱ्याने शेजारच्याला चावलंय, तेव्हा उपयोगी पडते ती मुलाकडे नीट बघण्याची सवय. पदवीची वर्षं खरं तर तीच लावून घेण्यासाठी असतात, आणि नेमकी तीच राहून जाते.

अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका

सगळ्यात महागात पडणारी चूक प्रवेशाच्या वेळीच होते. 'नर्सरी टीचर', 'माँटेसरी', 'ईसीसीई' (म्हणजे बालसंगोपन आणि बालशिक्षण) या नावांखाली काही महिन्यांचं प्रमाणपत्रही मिळतं आणि पदविकाही. दोन्हींचं वजन सारखं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वय ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. या टप्प्यासाठी शिक्षक घडवणारी बारावीनंतरची चार वर्षांची एकात्मिक पदवी, आयटेप, आता आली आहे. तिच्या प्रवेशासाठी एनसीईटी ही राष्ट्रीय परीक्षा असते. मानवी विकास विषयातल्या पदवीत मुलाच्या वाढीचा अभ्यास खोलवर होतो, मात्र पहिली-दुसरीवर शिक्षिका होण्याची पात्रता एवढ्यावर मिळत नाही.

"नंतर बी.एड. करून टाकू" हा सल्ला तर घरोघरी दिला जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर लागतो. म्हणून फी भरण्याआधी एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या, संकेतस्थळावर संस्थेचं नाव शोधा, आणि संस्थेला नेमक्या *त्याच* अभ्यासक्रमाची मान्यता आहे ना, हेही बघा. पैसे आधीच भरून झाले असतील तर घाबरून अर्ध्यावर सोडू नका. मान्यतेचं पत्र लेखी मागा. ते मिळालंच नाही, तर हा कोर्स अनुभवासाठी पुरा करा आणि पुढच्या वर्षीच्या मान्यताप्राप्त प्रवेशाची तयारी आतापासून धरा.

सराव फक्त घराजवळच्या शाळेत

घोडबंदर रोडच्या किंवा पाम बीचजवळच्या संकुलातली वातानुकूलित प्री-स्कूल सोयीची पडते, मान्य आहे. पण चारही वर्षं तिथेच काढलीत तर मुलांचा एकच नमुना दिसेल. एखादं सत्र दिवाळे गावात, घणसोली गावठाणात, चेंदणी कोळीवाड्यात किंवा येऊरच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत मागून घ्या. मुलांच्या वस्तीत जाऊन शिकवणं हा आपल्याच जिल्ह्याचा वारसा आहे. बोर्डी आणि कोसबाड ही गावं २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती, आज ती पालघरमध्ये आहेत. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी तिथे वारली आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा नेली. देशभर अंगणवाड्या देणारी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती त्यानंतर, १९७५ मध्ये.

निरीक्षण वहीत निकाल लिहिणं

इथे मला जरा थांबायचंय, कारण जवळपास प्रत्येक वहीत हीच चूक असते. 'मूल हट्टी आहे.' 'लक्ष देत नाही.' 'भाषा कमकुवत.' ही निरीक्षणं नव्हेत, हे निकाल झाले.

कोळीवाड्यातल्या एका मुलीचं उदाहरण घ्या. ताईने चित्रकार्ड दाखवलं आणि विचारलं, "हे काय?" मुलगी म्हणाली, "पापलेट." ताई म्हणाली, "नाही, मासा म्हण." मुलगी गप्प झाली, आणि वहीत नोंद गेली: 'प्रतिसाद देत नाही.' त्या मुलीने मासा ओळखला होताच, वर त्याची जातही सांगितली होती! नोंद अशी हवी होती: 'कार्ड बघून लगेच पापलेट म्हणाली. मासा म्हण, असं सांगितल्यावर मान खाली घातली, पुढच्या दोन कार्डांना बोलली नाही.' एवढं लिहिलंत की पुढचा पाठ आपोआप सुचतो. तिला विचारा, घरी आणखी कोणते मासे येतात? मग बोंबील येतील, कोळंबी येईल, शेजारचा मुलगाही बोलू लागेल.

उपाय साधा आहे. पानाच्या डाव्या बाजूला फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहा, मुलाचे शब्द जसेच्या तसे, आगरी असतील तर आगरीत. तुमचा अंदाज उजव्या बाजूला, तोही त्याच मुलाला तीन-चार वेळा बघून झाल्यावर. आणि नोंद त्याच दिवशी करा. ट्रान्स हार्बरच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर तिथे करा, पण रविवारी आठवून सगळं एकदम भरू नका.

साहित्य शोभेचं, मूल लांब

रात्र जागून केलेला चकचकीत तक्ता भिंतीवर उंच टांगला जातो आणि मुलांना सांगितलं जातं, "हात लावू नका." या वयातलं मूल हाताने शिकतं. बाटल्यांची झाकणं, शिंपले, कापडाचे तुकडे, पाण्याचं घमेलं यांत वर्गीकरण, मोजणी, भाषा सगळं येतं. तीन वर्षांखालची मुलं असतील तर चिंचोके, मणी मात्र दूर ठेवा. ती तोंडात घालतात आणि घशात अडकतं.

पालकांपुढे नमणं

"लिहायला कधी घेणार?" हा प्रश्न येणारच. या वयात मनगटाची हाडं पुरती तयार झालेली नसतात, बोटांत जोर आलेला नसतो. माती मळणं, कागद फाडणं, रेघोट्या ओढणं ही लिहिण्याचीच तयारी आहे. हे नुसतं सांगून पटत नाही. त्याच मुलाची जूनची आणि डिसेंबरची चित्रं शेजारी ठेवून दाखवा, पालक स्वतःच फरक ओळखतात.

राहता राहिली सराव-शाळेची अडचण. काही ठिकाणी विद्यार्थिनींना वह्या आखायला, डबे उघडून द्यायला किंवा संमेलनाच्या सजावटीला जुंपतात. पहिल्या आठवड्यातच वर्गशिक्षिकेकडे रोज वीस मिनिटं एका गटासोबत काम करायला मागा. ती मिळाली नाहीत तर मार्गदर्शक प्राध्यापिकेला तारखेसह लेखी कळवा, महिना उलटू देऊ नका. सत्र अर्ध्यावर गेलं की शाळा बदलून मिळणं अवघड होतं.