जपलेली जुनी अमेरिकन गाडी दर्दी माणसाला विकताना : तयारीची यादी

जुनी, नीट जपलेली अमेरिकन गाडी विकायची ठरली की बहुतेकांचा हात आधी पॉलिशच्या डब्याकडे जातो, आणि तयारी तिथूनच चुकायला लागते. घेणारा जर आपल्यासारखाच दर्दी असेल, तर चकाकीने तो भुलत नाही. कारखान्यातून निघालेल्या गाडीचे मूळचे काय काय अजून शाबूत आहे आणि ते मूळचेच आहे हे कशावरून, या दोनच गोष्टी त्याला तपासायच्या असतात. नवा रंग किंवा नवे सीट कव्हर पैसे मोजून कोणालाही करून घेता येते, पण पहिला रंग एकदा खरवडला की तो गेला. म्हणून या यादीतली पहिली कामे न करण्याची आहेत. विक्रीच्या तोंडावर रंगकाम काढू नये, बॉनेटखालचे पत्रे काळ्या स्प्रेने एकसारखे करू नयेत, खालून डांबरी लेप देऊ नये (ताजा लेप दिसला की जाणकार त्याखाली गंज आहे असेच धरून चालतो) आणि इंजिनवर दाबाने पाणी मारून तपासनिसाने कारखान्यात केलेल्या खडूच्या खुणा व रंगाचे ठिपके धुऊन टाकू नयेत. साबणाच्या पाण्याने धुणे, काचा पुसणे, आतली धूळ काढणे एवढ्यावर थांबावे.

तपशील नेमका यावा म्हणून पुढे १९६६ ची फोर्ड मस्टँग डोळ्यांसमोर ठेवली आहे, २८९ घनइंचाच्या साध्या व्ही-एट इंजिनाची. तशी एक गाडी मी बरीच वर्षे वापरली आणि विकली, आणि या यादीतल्या निम्म्या गोष्टी तिने मला उशिरा शिकवल्या. शेव्हरले, पाँटिअ‍ॅक किंवा डॉज असेल तर खुणांच्या जागा बदलतील, कामांचा क्रम फारसा बदलणार नाही.

जाहिरातीचे एक वाक्यही लिहिण्यापूर्वी कागद बाहेर काढावेत. टायटलवरचे (अमेरिकेत राज्य सरकार देते त्या मालकीच्या दाखल्यावरचे) नाव आपल्या ओळखपत्राशी जुळते का, जुन्या कर्जाचा बोजा त्यावर अजून दिसतो का, आणि त्यावरचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळतो का, हे भिंग घेऊन पाहावे. पूर्वीच्या कारकुनाने टंकलेखन करताना एखादा आकडा चुकवला असेल, तर ती दुरुस्ती मोटार वाहन कार्यालयात आपणच करून घ्यावी. परराज्यातल्या ग्राहकाच्या गळ्यात ते काम बांधू नये. न्यूयॉर्कसारख्या राज्यात १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटल दिलेच जात नाही, तिथे नोंदणीच्या कागदावर मालकी बदलते; ही गोष्ट दुसऱ्या राज्यातल्या माणसाला पहिल्याच बोलण्यात सांगितली नाही तर त्याला उगाच संशय येतो.

मग गाडीचा पूर्वेतिहास. दुरुस्तीची बिले तारखेनुसार लावावीत, जुन्या मालकांची पत्रे व फोटो असतील तर जोडावेत, पण त्यांतले घरचे पत्ते झाकूनच प्रती द्याव्यात. नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद लावणे १९५८ च्या केंद्रीय कायद्याने सक्तीचे झाले. तो कागद एखाद्या फाईलमध्ये टिकला असेल तर प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावा, त्याला लॅमिनेशन मात्र करू नये. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी कारखान्याच्या नोंदींवर आधारलेला मार्टी रिपोर्ट मागवता येतो आणि पाँटिअ‍ॅकसाठी पीएचएस या जुन्या नोंदी पुरवणाऱ्या संस्थेची कागदपत्रे मिळतात. गाडी कोणत्या साधनसामग्रीनिशी बांधायची हे सांगणारा बिल्ड शीट नावाचा कागद कधी सीटच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर अडकलेला सापडतो. तो दिसला तर हात लावण्याआधी, आहे त्या जागी, फोटो काढावा. वाळक्या पानासारखा झालेला असतो, ओढला की तुकडे होतात, आणि मग तो याच गाडीतून निघाला हे पटवून देणे अवघड जाते.

क्रमांकांच्या कामाला एक अख्खी दुपार राखून ठेवावी. सतरा अक्षरांचा प्रमाण क्रमांक १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. १९६६ च्या मस्टँगचा क्रमांक ‘६एफ०७सी’ असा सुरू होत असेल, तर ६ म्हणजे वर्ष, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप (पक्क्या छताची गाडी) आणि सी म्हणजे दोन नळ्यांच्या कार्बोरेटरचे २८९ इंजिन. हा क्रमांक चालकाच्या बाजूच्या दारावरील पाटीवर असतो, पण पाट्या नव्या करून मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. जाणकार आधी बॉनेट उघडून डाव्या बाजूच्या आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक पाहतो. तो धुळीखाली किंवा जाड रंगाखाली दबला असेल तर मऊ ब्रश आणि थोडे रॉकेल एवढेच वापरावे. तिथे सँडपेपर फिरवला तर पत्र्याशी छेडछाड झाल्यासारखे दिसते, आणि त्या जागेवरची छेडछाड हा कायद्याचा मामला होतो.

दारावरच्या पाटीवर तारखेचा कोडही असतो. ‘१५डी’ म्हणजे १५ एप्रिल. इंजिनच्या ब्लॉकवर स्टार्टरच्या वरच्या अंगाला ओतकामाची तारीख उमटलेली असते. तिथे ‘६सी२१’ वाचता आले तर ब्लॉक २१ मार्च १९६६ ला ओतला गेला, म्हणजे गाडीच्या आधी साधारण साडेतीन आठवडे, आणि हिशेब जुळतो. तारीख गाडीच्या नंतरची निघाली तर इंजिन बदललेले आहे. इथे एक चूक फार जण करतात आणि ती मीही केली होती: साध्या सी-कोड मस्टँगला ‘मॅचिंग नंबर्स’ (इंजिनवरचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळणारी) म्हणून जाहीर करणे. त्या वर्षी फोर्डने गाडीचा क्रमांक फक्त के-कोडच्या जास्त ताकदीच्या इंजिनांवर ठोकला, बाकीच्यांवर नाही. तेव्हा जुळवायला दुसरा नंबरच नसतो. ‘इंजिनवरील तारखेचे कोड गाडीच्या काळाशी जुळतात’ एवढेच लिहावे. पहिल्या आलेल्या गृहस्थांनी मला हे अगदी सौजन्याने समजावून सांगितले आणि ते गाडी न घेता गेले.

गंजाची पाहणी ग्राहकाच्या आधी आपण करावी. या गाडीला वेगळी चासी नाही, खालचे पत्रे हाच तिचा सांगाडा, त्यामुळे तळ, पुढच्या रेल, टॉर्क बॉक्स (रेल आणि तळ जोडणारे पेटीसारखे पत्रे) आणि बॅटरीखालचा पत्रा यांना महत्त्व आहे. मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा तळ असतो, म्हणून डिकीतली चटई उचलून टाकीच्या कडेचे स्क्रू आणि पट्टी पाहावी. पण या गाडीचे खरे दुखणे विंडस्क्रीनच्या पुढच्या जाळीखाली असते. त्या बंद पोकळीत पाने व माती साठतात, ओल धरते, आणि आत हवा घेणाऱ्या झडपांच्या गळ्याभोवतीचा पत्रा वरून न दिसता कुजतो. तपासणी सोपी आहे. पुढची कार्पेट मागे गुंडाळावी, जमिनीवर वर्तमानपत्र पसरावे, कोणाला तरी जाळीत तांब्याने सावकाश पाणी ओतायला सांगावे आणि आपण टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवे व्हावे. माझ्या गाडीत चालकाची बाजू कोरडी राहिली. दुसऱ्या बाजूला चारेक मिनिटांनी हीटरच्या खोक्यालगत एक थेंब जमला, लोंबला, आणि कागदावर तपकिरी वर्तुळ उमटले. त्याचा व्हिडिओ मी दोषांच्या यादीत सगळ्यांत वर ठेवला. शेवटी गाडी ज्याने घेतली त्याने पहिला प्रश्न त्या थेंबाबद्दलच विचारला, आणि दुसरा त्याच्या दुरुस्तीच्या खर्चाबद्दल. किंमत त्याच आधारावर ठरली.

रंगाची जाडी मोजणारे यंत्र विकत किंवा उसने आणावे आणि प्रत्येक पत्र्यावर चार-पाच जागी मोजून आकडे लिहून ठेवावेत. कारखान्यातला रंग सहसा दोनशे मायक्रॉनच्या आत असतो, दुसरा हात बसला की आकडा वाढतो, आणि खाली पुट्टी असेल तर तो एकदम कितीतरी पट होतो. एखादे मडगार्ड पुन्हा रंगवलेले निघाले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही; पन्नास-साठ वर्षांत गाडी कुठे ना कुठे घासतेच. नमूद न केलेले मडगार्ड मात्र सबंध गाडीवर शंका आणते.

यांत्रिक बाजूला सौंदर्यापेक्षा सुरक्षितपणा पाहावा. १९६६ च्या मस्टँगच्या ब्रेकना एकच मास्टर सिलिंडर आणि एकच वाट आहे, दुहेरी व्यवस्था १९६७ च्या मॉडेलपासून आली. म्हणजे एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. रबरी नळ्या आणि सिलिंडरची गळती तपासल्याशिवाय परक्या माणसाला चालवायला देऊ नये. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबराच्या इंधननळ्या मऊ पडतात किंवा तडकतात, त्या बदलाव्यात, काढलेल्या नळ्या व पट्टे पिशवीत घालून गाडीबरोबर द्यावेत. टायरची नक्षी नवी दिसली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचावा: ‘२३१६’ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा, आणि तेवढा जुना टायर हमरस्त्यावर नेण्याच्या लायकीचा नाही हे आपणच सांगितलेले बरे.

फोटो ढगाळ दिवशी किंवा सावलीत काढावेत, बाहेरचे थोडे आणि खालचे, आतले, कडांचे भरपूर. एक व्हिडिओ थंड इंजिन सुरू करण्याचा असावा, आणि त्यात सुरू करण्यापूर्वी बॉनेटला हात लावून ते खरोखर थंड असल्याचे दाखवावे. वर्णनात मूळचे काय, बदललेले काय आणि माहीत नसलेले काय, असे तीन स्वतंत्र परिच्छेद करावेत. तिसरा लिहायला जड जातो, पण वाचणारे तोच आधी वाचतात. मैलांच्या बाबतीत विशेष जपावे. ओडोमीटर पाच आकडी आहे, ९९,९९९ नंतर तो शून्यावर येतो. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना मैल जाहीर करण्याच्या केंद्रीय सक्तीतून सूट असली, तरी ४१,००० मैल ‘खरे’ म्हणून लिहायचे तर बिलांची साखळी हवी. ती नसेल तर ‘ओडोमीटरवर दिसणारे’ हाच शब्द वापरावा.

किंमत ठरवताना हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीची चार पायऱ्यांची प्रतवारी बहुतेक दर्दी वापरतात: पहिली प्रदर्शनात बक्षीस घेणारी, दुसरी उत्कृष्ट, तिसरी चांगली, चौथी वापरती. आपली गाडी प्रत्येकाला दुसरीत दिसते. पुढच्या कडेवर खडीचे टिचके आणि सीटच्या शिवणीला एक उसवण असेल तर ती तिसरीतलीच समजावी. मागितलेल्या किमतींपेक्षा प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे पाहावेत, आणि बॅरेट-जॅक्सन किंवा मीकम या लिलाव कंपन्यांच्या जाहीर आकड्यांत खरेदीदाराने भरलेले जादा शुल्कही धरलेले असते, तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हाती पडत नाही, हे लक्षात ठेवून तुलना करावी.

गाडी पाहायला येणाऱ्याचा परवाना आधी पाहावा, आपल्या विमा कंपनीला दुसऱ्याने चालवलेले चालते का हे विचारून ठेवावे, आणि पहिली काही मैल आपण चालवून मग चावी द्यावी. सुरू करण्याची रीत त्याला सांगावी: थंड इंजिनला पेडल एकदा पूर्ण दाबून सोडायचे म्हणजे चोक बसतो, मग चावी फिरवायची, गरम असताना पेडलला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. त्याच्याबरोबर लिफ्टवर गाडी पाहणारा मेकॅनिक येणार असेल तर आनंदाने होकार द्यावा.

पैशाच्या बाबतीत भिडस्तपणा नको. बँकेचा म्हणून दिलेला खोटा चेक खात्यात जमा झालेला दिसतो आणि काही दिवसांनी परत येतो, तोवर गाडी दुसऱ्या राज्यात पोहोचलेली असते. म्हणून व्यवहार ग्राहकाच्या बँकेच्या शाखेत, काउंटरसमोर करावा किंवा वायर ट्रान्सफरने (बँकेतून थेट बँकेत) आलेली रक्कम आपल्या बँकेकडून खात्री करून घ्यावी. ठरल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवून उरलेली वाहतूकदाराला द्या असे कोणी म्हणाला तर बोलणे तिथेच थांबवावे. दहा हजार डॉलरच्या वर रोख भरली की बँक सरकारला कळवते. त्यात गैर काही नाही, पण ते टाळण्यासाठी रक्कम तुकड्यांनी भरणे हा मात्र गुन्हा आहे. टायटलवर आधीच सही करून ठेवू नये, कारण ओहायोसारख्या राज्यांत ती नोटरीसमोरच करावी लागते. विक्रीपत्रात गाडीचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द घालून दोन्ही प्रतींवर दोघांनी सह्या कराव्यात.

गाडी ट्रेलरवर चढण्यापूर्वी टाकीत पाव भागच पेट्रोल ठेवावे, बॅटरीची तार सोडवून टोक गुंडाळावे, आणि वाहतूकदाराच्या माणसासमोर चारही बाजूंचे फोटो घ्यावेत. काढून ठेवलेले मूळ भाग, जॅक, जादा चाव्या आणि कागदांची फाईल एका खोक्यात घालून त्यावर यादी चिकटवावी. नंबरपाट्या आपल्याकडे ठेवायच्या राज्यात असाल तर त्या काढून घ्याव्यात. कॅलिफोर्नियात मालकी सोडल्याची सूचना पाच दिवसांत द्यावी लागते, ती त्याच संध्याकाळी भरावी, आणि विमा मात्र सूचनेची पोच हाती आल्यावरच बंद करावा.