रोगकारक यीस्टचा जीनोम वाचताना या चुका टाळा

कॅन्डिडा या रोगकारक यीस्टचे सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम वाचणे, आता सोपे झाले आहे. त्यातून चुकीचा निष्कर्ष काढणे त्याहून सोपे. अनेक प्रयोगशाळांतल्या पाइपलाइन (विश्लेषणाच्या संगणकी पायऱ्यांची साखळी) मुळात जिवाणूंसाठी बसवलेल्या असतात. त्यांत यीस्टचे रीड (सिक्वेन्सरने वाचलेले डीएनएचे तुकडे) टाकले तरी त्या कुरकुर न करता शेवटपर्यंत चालतात, तक्तेही देतात. एरर येत नाही, त्यामुळे गडबड ओळखायची ती लक्षणांवरून.

प्लॉइडी न पाहता व्हेरियंट काढणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्लॉइडी म्हणजे पेशीतल्या गुणसूत्रांच्या संचांची संख्या, व्हेरियंट म्हणजे तुलनेच्या (रेफरन्स) जीनोमपेक्षा वेगळी अक्षरे. कॅन्डिडा अल्बिकन्स डिप्लॉइड (दोन संचांचे) आहे, त्याच्या गुणसूत्रांच्या ८ जोड्या असतात. कॅन्डिडा ऑरिस आणि ग्लॅब्राटा मात्र सामान्यतः हॅप्लॉइड (एकाच संचाचे). जीएटीके किंवा फ्रीबेज ही व्हेरियंट शोधणारी सॉफ्टवेअर काही न सांगता चालवली, तर ती नमुना डिप्लॉइड धरतात. ऑरिसच्या निकालात हेटेरोझायगस (दोन प्रतींत वेगळी अक्षरे असलेल्या) जागांची गर्दी दिसली, तर आधी प्लॉइडी १ दिली होती का ते बघा. दिली असूनही एकाच जागी दोन प्रकारचे रीड येत असतील, तर एकमेकांसारखी जनुके एकावर एक चढली असतील किंवा कल्चरमध्ये दोन स्ट्रेन (उपप्रकार) मिसळले असतील.

उलट बाजूने, अल्बिकन्सला जिवाणूसारखे हॅप्लॉइड धरले की निम्मी माहिती गाळली जाते. त्यावरून काढलेला वंशवृक्ष दिसायला नीटनेटका असतो आणि नेमका म्हणूनच फसवतो. अल्बिकन्समध्ये गुणसूत्राच्या एखाद्या लांब तुकड्याची हेटेरोझायगॉसिटी एका झटक्यात नाहीशी होऊ शकते. घटना एकच, पण बदललेल्या जागा शेकडो, कधी हजारो. एकाच रुग्णाचे दोन नमुने त्यामुळे ‘फार दूरचे’ वाटू लागतात. इथे सुटे एसएनपी (एकेका अक्षराचे बदल) मोजून भागत नाही. सलग बदललेला पट्टा एक घटना म्हणून मोजा.

रीडची खोली न बघणे

अनुक्रमात एकही नवे म्युटेशन नाही आणि तरी फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध चालत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी प्रत्येक गुणसूत्रावरची रीडची खोली (एका जागेवर किती रीड पडले ते) आलेखात मांडा. अल्बिकन्सच्या ५ व्या गुणसूत्राच्या डाव्या बाहूच्या दोन प्रती जोडून बनलेले आयसोक्रोमोसोम २००६ मध्ये प्रतिरोधाशी जोडले गेले. ईआरजी-११ (औषध ज्याला अडवते ते प्रथिन बनवणारे) आणि टॅक-१ (औषध बाहेर फेकणारे पंप चालू करणारे) ही दोन्ही जनुके त्याच बाहूवर आहेत, म्हणजे अक्षर न बदलता नुसत्या प्रती वाढल्या तरी काम होते. ट्रायसोमी (गुणसूत्राच्या तीन प्रती) असेल तर तिथल्या अॅलीलचे (एकाच जागेच्या दोन रूपांचे) प्रमाण ५०-५० ऐवजी ३३-६७ च्या आसपास सरकते. गुणसूत्राच्या फक्त टोकांकडे खोली वाढलेली दिसली तर लगेच हुरळून जाऊ नका. लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) तयार करतानाही तसा कल येतो.

आणखी एक. औषधाविना कल्चर पुनःपुन्हा वाढवले की अशी जादा गुणसूत्रे अनेकदा गळून पडतात. एमआयसी (वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा) एका वेळच्या कल्चरची आणि डीएनए पाच वेळा पुन्हा वाढवल्यानंतरचा, असे असेल तर दोन्हींचा मेळ बसणार कसा?

चुकीचा कोड तक्ता

अल्बिकन्स, ऑरिस, पॅराप्सिलोसिस आणि त्यांच्या जवळच्या यीस्टमध्ये सीयूजी हा कोडॉन (एक अमिनो आम्ल ठरवणारा तीन अक्षरांचा गट) ल्युसीनऐवजी बहुतांशी सेरीन देतो. अनुक्रमाचे प्रथिनात भाषांतर करताना एनसीबीआय या जनुकीय माहितीकोशाचा तक्ता क्रमांक १२ निवडा. नाहीतर प्रथिनात जागोजागी खोटे ल्युसीन येईल. गंमत अशी की ग्लॅब्राटा याच नावाखाली वावरत आला, पण तो बेकरी यीस्टचा जवळचा नातेवाईक आणि त्याचा कोड नेहमीचाच. ‘कॅन्डिडा’ या नावावरून तक्ता ठरवू नका.

हाताशी आलेला रेफरन्स

ऑरिसचे क्लेड (वंशशाखा) एकमेकांपासून हजारो एसएनपींनी दूर आहेत, तर एका साथीतल्या नमुन्यांत मोजकेच फरक असतात. क्लेड ३ चा नमुना क्लेड १ च्या बी-८४४१ या रेफरन्स जीनोमवर बसवला, तर ते मोजके फरक बाकीच्या पसाऱ्यात बुडतात. आधी क्लेड ठरवा, मग त्याच क्लेडचा रेफरन्स घ्या.

टेलोमेरजवळची (गुणसूत्राच्या टोकाजवळची) चिकट प्रथिनांची जनुके, उदाहरणार्थ ग्लॅब्राटाचे ईपीए कुटुंब, छोट्या रीडने सुटत नाहीत. तिथे जनुक ‘गायब’ दिसले तर लांब रीडने खात्री करा. पेशीभित्ती फोडताना मणी जास्त वेळ फिरवले की डीएनएचे तुकडे होतात. लांब रीडसाठी एन्झाइमने भित्ती विरघळवणे बरे.

म्युटेशन दिसले म्हणजे प्रतिरोध

ऑरिसच्या ईआरजी-११ मधले वाय-१३२-एफ किंवा के-१४३-आर हे अमिनो आम्लांचे बदल सापडले तर फ्लुकोनॅझोलबद्दल शंका घ्यायला भक्कम कारण आहे. पण ईआरजी-११ मधला प्रत्येक अमिनो आम्ल बदल त्याच रांगेत बसवणे चूक. अनेक बदल नुसत्या वंशाच्या खुणा असतात, संवेदनशील नमुन्यांतही सापडतात. ऑरिसचे ईआरजी-११ अल्बिकन्सच्या जनुकाशी ताडून पाहिले, तर असे ‘म्युटेशन’ ढिगाने निघतात.

ईआरजी-११ स्वच्छ निघाले म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. ग्लॅब्राटात कारण बहुधा पीडीआर-१ या औषध बाहेर फेकणाऱ्या पंपांवर ताबा ठेवणाऱ्या जनुकात असते. अॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीत सायप-५१-ए (ईआरजी-११ चे तिथले रूप) चा नुसता कोडिंग भाग पाहिला तर एल-९८-एच हा बदल दिसेल, पण त्याच्यासोबत प्रमोटरमध्ये (जनुक चालू करणाऱ्या, त्याच्या आधीच्या भागात) असलेली ३४ अक्षरांची पुनरावृत्ती सुटेल. शोधाची चौकट जनुकाच्या अलीकडे काहीशे अक्षरे वाढवा, आणि अहवालात मोजलेली एमआयसी म्युटेशनच्या शेजारीच लिहा.