ट्यूब प्रीअँपला सॉलिड-स्टेट पॉवर अँप जोडताना
ट्यूब प्रीअँपचा (निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या, पॉवर अँपच्या आधीच्या अँप्लिफायरचा) आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे विद्युत संकेताला होणारा अडथळा, बहुधा जास्त असतो आणि काही सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) पॉवर अँपचा, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरचा, इनपुट इम्पीडन्स अवघा १० किलोओहम असतो, म्हणून जोडणीपूर्वी हे दोन्ही आकडे अवश्य तपासावेत. इनपुटचा आकडा आउटपुटच्या किमान दहापट असावा. माझ्या मते वीसपट असल्यास अधिक निर्धास्त राहता येते. प्रीअँपच्या आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (डीसी अडवून ध्वनिसंकेत पुढे सोडणारा घटक) असेल, तर १० किलोओहमच्या भारावर, म्हणजे पॉवर अँपच्या तेवढ्या इनपुट इम्पीडन्सवर, १६ हर्ट्झच्या आसपास पातळी ३ डेसिबलने घटते आणि खर्जाची उतरण त्याच्याही बऱ्याच वरून सुरू होते. ४७ किलोओहमवर हीच मर्यादा ३.४ हर्ट्झपर्यंत खाली जाते. प्रीअँप आधी सुरू करावा, ट्यूब तापून स्थिरावल्यावरच पॉवर अँप लावावा आणि बंद करताना क्रम उलटा ठेवावा, अन्यथा प्रीअँप चालू-बंद होतानाची विजेची अचानक उसळी थेट स्पीकरपर्यंत पोहोचते.