लाल कांदा, मीठ आणि पेशीचं पटल: रससंकोच घरी कसा बघायचा

रससंकोच म्हणजे मिठाच्या पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर जाऊन तिचा आतला भाग भिंतीपासून सुटून आकसणं. तो बघायचा तर पहिलं काम, आयोडीनची बाटली कपाटात ठेवून द्या. कांद्याची साल म्हटली की लोकांचा हात आधी आयोडीनकडे जातो, आणि कितीतरी व्हिडिओत तेच सांगतात, आधी रंग द्या मग मिठाचं पाणी सोडा, पेशी आकसताना दिसेल. नाही दिसत. आयोडीनने पेशी मरते आणि मेलेल्या पेशीचं पटल, म्हणजे भिंतीच्या आतलं पातळ आवरण, काहीच अडवत नाही, मग वरून मीठ टाका नाहीतर शेंगाचटणी टाका, तिला काय फरक पडणार.

हे कळायला मला एक अख्खी बॅच लागली. सोलापुरात पूर्व भागात माझी शिकवणी आहे, आठवी ते दहावी. पहिल्या वर्षी मी एक चमचा मीठ टाकलं, दोन टाकलं, तीन टाकलं, काही नाही. पोरं डोळा लावून "हो सर, दिसलं" म्हणायची, कारण पुस्तकात तसं चित्र होतं. कांदा जुना दिला म्हणून भाजीवाल्या मावशींशी भांडूनही आलो. मग एक दिवस आयोडीन संपलं म्हणून लाल कांदा तसाच लावला आणि दोन मिनिटांत तो गुलाबी रंग भिंतीपासून सुटून आत सरकायला लागला. मावशींना अजून सॉरी म्हटलेलं नाही.

सामान म्हणजे गडद लाल कांदा, अर्धं ब्लेड, चिमटा, स्लाइड, कव्हरस्लिप, टिपकागद आणि १०० पट मोठं दाखवणारा कुठलाही मायक्रोस्कोप. कागदाचा फोल्डस्कोप असेल तरी चालतो, तो साधारण १४० पट दाखवतो. मीठ १०० मिली पाण्यात एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ टक्के. जास्त नको.

आता साल, सगळी गंमत इथेच बिघडते. कांद्याच्या पाकळीची आतली, खोलगट बाजूची साल सहज निघते म्हणून सगळे तीच काढतात, पण तिला जवळपास रंगच नसतो. रंग बाहेरच्या फुगीर बाजूच्या सालीत असतो आणि ती साल हट्टी. वरून नखाने ओढली की खालचा गर चिकटून येतो, पेशींचे पाच थर एकावर एक दिसतात, म्हणजे काहीच दिसत नाही. मी असं करतो: पाकळीचा बोटभर तुकडा घ्यायचा, खोलगट बाजू वर धरायची आणि दोन्ही टोकं खाली दाबायची, म्हणजे तिच्या बाकाच्या उलट. आतली बाजू कट्कन तडकते, बाहेरची लाल साल मात्र शाबूत राहते आणि दोन्ही अर्धे तिच्यावर लोंबतात. आता एक अर्धा हळू मागे ओढला की पातळ गुलाबी पापुद्रा सुटून येतो. नखाएवढा मिळाला तरी पुष्कळ. तो लगेच पाण्याच्या थेंबात ठेवा, हवेत धरून "बघ किती छान निघाली" करत बसलात तर तो गुंडाळतो, आणि गुंडाळलेली साल सरळ करण्यापेक्षा दुसरी काढलेली बरी. पाच-सहा वाया जाणारच. आई ओरडेल, त्याची भाजी करा.

कव्हरस्लिप तिरकी टेकवून सोडा, बुडबुडे येत नाहीत.

आधी साध्या पाण्यातच नीट बघा. विटांसारख्या लांबट पेशी, काठोकाठ गुलाबी. तो रंग म्हणजे रिक्तिका, पेशीतली पाण्याची पिशवी, तिनेच जवळजवळ सगळी पेशी व्यापलेली असते. केंद्रक कडेला ढकललेलं, फिकट टिकलीसारखं, दिसलं तर दिसलं. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) शोधू नका, शाळेच्या मायक्रोस्कोपमधून त्या दाखवतो म्हणणारा माणूस धूळ दाखवतोय. हरितलवक, म्हणजे पानातले हिरवे कण, कांद्यात नसतात, तो जमिनीखाली वाढतो.

एक पेशी पक्की धरा, नजर हलवू नका. कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद, तो साधं पाणी ओढून घेतो आणि मीठ सालीखालून सरकतं. आमच्या शेजारी माग चालतात, टेबल थरथरतं, म्हणून मायक्रोस्कोपखाली टॉवेलची जाड घडी ठेवतो, टॉवेलला सोलापुरात तोटा नाही. दोन ते पाच मिनिटांत आधी कोपऱ्यांतून गुलाबी सुटतं, मग कडांनी, आणि शेवटी मोकळ्या चौकटीत एक गडद गोळा राहतो. गडद का, तर रंग तेवढाच आहे आणि रिक्तिकेतलं पाणी बाहेर गेलंय.

त्या गोळ्याची कड म्हणजे प्रद्रव्यपटल, आपलं मघाचं पेशीचं पटल. खरं तर पटल तुम्हाला कधीच दिसत नाही, त्याची जाडी ७-८ नॅनोमीटर आणि साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची मजल २०० नॅनोमीटरपर्यंत. दिसते ती त्याने धरून ठेवलेल्या रंगाची हद्द. पाणी त्यातून जातं, थोडं थेट आणि बरंचसं ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या वाटांनी (पीटर ॲग्रे यांना २००३ चं नोबेल या शोधासाठीच मिळालं), पण मिठाचे आयन सहजासहजी जात नाहीत, म्हणून आतलं पाणी बाहेर येत राहतं. पेशीची ऊर्जा यात खर्च होत नाही. तोंडी परीक्षेत विचारतात की पेशीभित्तिका आणि आकसलेल्या पटलाच्या मधल्या जागेत काय असतं. पोरं "हवा" म्हणतात. मिठाचं पाणी असतं! भित्तिका मीठ अडवत नाही, पटल अडवतं.

आता त्याच पद्धतीने साधं पाणी सोडा, गोळा परत फुगतो. इथे घाई लागते. एप्रिलमध्ये ४२ अंशात पंखा चालू ठेवून ही स्लाइड दहा मिनिटं विसरलात तर पाणी उडतं, मीठ घट्ट होतं, पेशी मरतात आणि मग कितीही उजनीचं पाणी ओता, काही परत येत नाही. पंखा बंद करा, घाम येऊ द्या.

शेवटी एक ताजी साल गरम पाण्यात मिनिटभर बुडवून काढा. पेशी मरतात, पाणी गुलाबी होतं, साल फिकट पडते, आणि मीठ सोडलं तरी काही हलत नाही. ही स्लाइड पहिलीच्या शेजारी ठेवा.

आयोडीनची बाटली आता काढा, केंद्रक ठळक बघायचं असेल तर. त्याला आतली बिनरंगी साल घ्या, ती एका झटक्यात निघते.