लाकूडतोडीचा परवाना देण्याआधी: किती तोडायचं, कोणतं झाड ठेवायचं आणि ते कसं तपासायचं

व्यापारी तोडीचं नियोजन बहुतेक ठिकाणी बाजाराच्या मागणीपासून सुरू होतं आणि तिथेच बिघडतं. सुरुवात उलट्या बाजूने करायला हवी: कोणती झाडं उभी राहणार हे आधी ठरवायचं, मग उरलेल्यातून काय निघू शकतं ते पाहायचं.

क्षेत्र आणि मोजणी

नकाशावर जंगल ५०० हेक्टर दिसतं, म्हणून हिशेब ५०० हेक्टरचा करू नका. ओढ्या-नाल्यांच्या दोन्ही काठांचे पट्टे (साधारण ३० मीटर रुंद), तीव्र उतार, झरे, दलदल, खडकाळ भाग आणि दुर्मिळ प्रजातींच्या जागा आधी वगळा. समजा त्यात १०० हेक्टर गेले. उरलेले ४०० हेक्टर हेच उत्पादनक्षेत्र. ही वजाबाकी कागदावर न करता ५०० हेक्टरचा कोटा मंजूर केला, तर तोड प्रत्यक्षात ४०० हेक्टरवरच होते आणि त्या झाडांवर पंचवीस टक्के जादा भार येतो.

मोजणीसाठी ०.१ हेक्टरचे गोल नमुना भूखंड सोयीचे, त्रिज्या १७.८४ मीटर. उतारावर टेप जमिनीलगत धरून मोजलं तर भूखंड लहान पडतो. २० अंशांच्या उतारावर चढ-उताराच्या दिशेने १९ मीटर जावं लागतं, तेव्हा आडवं अंतर १७.८४ भरतं. झाडाचा व्यास छातीइतक्या उंचीवर घ्या. ही उंची कुठे १.३ तर कुठे १.३७ मीटर धरतात. कोणतीही चालेल, पण पहिल्या मोजणीपासून शेवटच्यापर्यंत एकच ठेवा. नमुन्यातून उभ्या लाकडाची हेक्टरी सरासरी १७० घनमीटर आली आणि तीत २० घनमीटर इकडे-तिकडे चूक होऊ शकत असेल, तर हिशेबात १५० धरा. अनिश्चिततेचा फायदा जंगलाला मिळाला पाहिजे.

वर्षाला किती

एकाच प्रजातीच्या, वेगवेगळ्या वयांचे पट्टे असलेल्या रोपवनासाठी फॉन मांटेल यांचं सूत्र झटपट अंदाज देतं: उभ्या साठ्याची दुप्पट भागिले आवर्तनकाळ (लागवडीपासून अखेरच्या तोडीपर्यंतची वर्षं). ४०० हेक्टर, हेक्टरी १५० म्हणजे ६०,००० घनमीटर साठा; आवर्तन ६० वर्षांचं; उत्तर वर्षाला २,००० घनमीटर. हे सूत्र सगळ्या वयांची झाडं समप्रमाणात आहेत असं गृहीत धरतं. जंगल बहुतेक तरुण असेल, तर तोडायला पक्कं झाड नसतानाही ते आकडा देतंच. म्हणून त्याच्या शेजारी मोजलेली वाढ ठेवा. कायमस्वरूपी भूखंडांत मापाच्या जागी रंगाची रेघ मारून दर पाच वर्षांनी पुन्हा मोजल्यावर वाढ वर्षाला हेक्टरी ४ घनमीटर निघाली, तर वार्षिक वाढ १,६०० घनमीटर. दोन आकड्यांतला लहान घ्या. तोडीत मोडणारी, चिरणारी आणि पोकळ निघणारी झाडं १५ टक्के धरली, तर परवाना १,३६० घनमीटरचा.

मिश्र नैसर्गिक जंगलात नुसत्या घनमीटरवर विसंबणं धोक्याचं. तिथे झाडं मोजावी लागतात, आणि तीही प्रजातीनुसार. जर्मन वनाधिकारी डीट्रिख ब्रँडिस यांनी १८५६ नंतर ब्रह्मदेशातल्या सागासाठी घेराच्या वर्गांची गणना करून, पक्की होत जाणारी झाडं किती यावर तोड बांधली. त्यामागचा विचार आजही तितकाच उपयोगी आहे. समजा एखाद्या प्रजातीसाठी तोडीचा किमान व्यास ५० सेंटिमीटर आहे, त्याच जागी पुन्हा तोड ३० वर्षांनी येणार आहे आणि व्यास वर्षाला अर्धा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पुढच्या फेरीला आज ३५ ते ५० सेंटिमीटरची असलेली झाडंच कामी येतील. ती हेक्टरी ६ आहेत. दरवर्षी एक टक्का मर धरली तर ३० वर्षांनी साधारण ४.४ उरतात, आणि आजच्या तोडीत त्यांतली दहा टक्के जायबंदी होतील असं मानलं तर ४. मग आज ५० च्या वरची ७ झाडं असली तरी हेक्टरी ४ हीच कमाल मर्यादा. उरलेल्या तिनांत सरळ, निरोगी, भरपूर बी धरणारी झाडं असावीत. वाकडी, किडकी तेवढी ठेवून उत्तम ती सगळी नेली, तर पुढची पिढी त्यांच्याच बियांतून उभी राहते. किमान व्यासाचा नियम पाळूनही जंगल असंच खालावतं.

शिक्का आणि माप

निवडलेल्या झाडावर हातोड्याचा शिक्का दोन जागी मारा: छातीच्या उंचीवर आणि कापाच्या रेषेखाली, मुळाच्या गड्ड्याजवळ. वरचा शिक्का ओंडक्याबरोबर जातो, खालचा बुडख्यावर राहतो. बुडख्यावर शिक्का नाही म्हणजे तोड बेकायदा. वाद घालायला जागाच उरत नाही. झाडाचा क्रमांक बुडख्यावर, प्रत्येक ओंडक्यावर आणि वाहतूक परवान्यावर एकच हवा. राखायच्या झाडांना वेगळ्या रंगाचा पट्टा मारा.

इथे एक सापळा आहे आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. मधला घेर १६० सेंटिमीटर आणि लांबी ५ मीटर असलेला ओंडका घ्या. चौथाई घेराच्या पद्धतीने (घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी) तो ०.८० घनमीटर भरतो. खऱ्या गोल छेदाने १.०२. उभ्या झाडांचा साठा खऱ्या घनमापाने काढला आणि लाकडाच्या आगारात ओंडके चौथाई घेराने मोजले, तर कागदावर १,००० घनमीटर होईपर्यंत जंगलातून सुमारे १,२७३ घनमीटर गेलेले असतात. कोणीही चोरी न करता सत्तावीस टक्के जास्त तोड होते. दोन्ही ठिकाणी एकच पद्धत परवान्यात लिहून ठेवा.

प्रत्यक्ष तोड

झाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या जाड वेली तोडीच्या सहा ते बारा महिने आधी कापा, म्हणजे त्या वाळून कमकुवत होतात. नाहीतर एक झाड पडताना शेजारच्यांना ओढून घेतं. पडण्याच्या बाजूला खाच व्यासाच्या पाव ते तिसऱ्या भागाइतकी खोल; मागचा काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर; मधे व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतका पट्टा न कापता सोडायचा. हा पट्टा बिजागरीसारखा झाडाला दिशा देतो. तो पूर्ण कापला तर झाड कुठे पडेल यावर कोणाचाच ताबा राहत नाही, आणि माणसं दगावतात ती इथेच.

ओंडके ओढण्याच्या वाटा आधी नकाशावर आखून जमिनीवर फिती लावा. यंत्र वाटेवरच राहील, ओंडका दोराने वाटेपर्यंत येईल. माती ओली असताना काम बंद. चाकोरी खोल रुतली की पाणी तिथूनच वाहतं, माती दाबली जाते आणि रोपं वर्षानुवर्षे धरत नाहीत. काम संपल्यावर वाटेवर तिरके आडबांध घाला, उतार जास्त तिथे जवळजवळ.

ठेकेदाराला फक्त घनमीटरवर पैसे दिले तर घाई आणि नासधूस ठरलेलीच. मजुरीचा काही भाग राखून ठेवा आणि राखलेल्या झाडांची तपासणी झाल्यावर द्या. बिनशिक्क्याच्या झाडाचा दंड त्याच्या बाजारभावापेक्षा जास्त हवा, नाहीतर तो दंड म्हणजे नुसती किंमत ठरते.

तोडीनंतर

कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) बंद होताच सगळे बुडखे नोंदवहीशी जुळवा. जादा तोड पुढच्या वर्षाच्या कोट्यातून वजा करा. वादळात पडलेली आणि विकलेली झाडंही कोट्यातच मोजा. कमी तोडलेलं मात्र पुढच्या एकाच वर्षात भरून काढू देऊ नका. दोन मीटर बाय दोन मीटरच्या चौकटींत रोपं मोजा, आणि ती गुरांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत चराई बंद ठेवा. आगीपासूनही कूप जपा. आधीच्या कुपाची तपासणी झाल्याशिवाय पुढचा कूप उघडायचा नाही, ही अट परवान्यातच असावी. पाच वर्षांनी भूखंड पुन्हा मोजले आणि वाढ ४ ऐवजी ३ घनमीटर निघाली, तर कोटाही त्याच प्रमाणात १,०२० घनमीटरवर आणा, मग कारखान्याची मागणी कितीही असो.