नळीतून भरवताना या चुका टाळा : तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगानंतर

तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन किंवा घशाचं रेडिएशन झालं की पेशंट बऱ्याचदा नळी घेऊनच घरी येतो. कुणाची नाकातून गेलेली रायल्स ट्यूब असते, कुणाची थेट पोटात बसवलेली पेग. वॉर्डात सिस्टरांनी भरवायचं कसं ते दाखवलेलं असतं. भरवायचं काय, हे मात्र घरचे ठरवतात आणि पहिली चूक तिथेच होते.

नळीतून जायचं म्हणजे पातळ हवं, म्हणून डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज, शहाळं आणि मोसंबीचा रस सुरू होतो. दिवसातून आठ वेळा भरवूनही वजन उतरतं, जखम भरत नाही. हिशोब मांडून बघा. ५० किलोच्या पेशंटला दिवसाला साधारण १५०० ते १७५० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. एक मोठा चमचा नाचणीचं पीठ ग्लासभर पाण्यात शिजवलं तर त्यातून मिळतात जेमतेम ३५ कॅलरी. त्याऐवजी २०० मिली टोन्ड दूध, दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर, दोन छोटे चमचे साखर आणि एक छोटा चमचा तेल एकत्र केलं तर सुमारे २५० कॅलरी आणि ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात. अशी सहा फीड झाली की दिवस निघाला. रोज दूधच नको असेल तर अधूनमधून घट्टसर मूगडाळ-तांदळाची खिचडी किंवा नीट उकडलेलं अंडं मिक्सरमधून काढून द्या. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर हे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून बदलून घ्या. आठवडाभर पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल तर पूर्ण मापाने एकदम सुरुवात करू नका. आधी डॉक्टरांना विचारा, कारण अशा वेळी रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस झपाट्याने घसरू शकतं.

तेलाच्या जागी साजूक तूप नको. पौष्टिक खरंच, पण थंडीत ते नळीच्या बाहेरच्या भागात थिजतं.

लापशी घट्ट झाली म्हणून पाणी ओतत राहिलात तर पोट भरतं, ताकद येत नाही. इथे मोड आणलेल्या नाचणीचं पीठ कामाला येतं. नेहमीच्या पिठाची घट्ट लापशी शिजवा, गॅसवरून उतरवून जराशी निवू द्या आणि अर्धा चमचा मोडाचं पीठ घालून ढवळा. मोडातलं पाचक द्रव्य पिष्ट तोडतं आणि पाचेक मिनिटांत लापशी आपोआप सैल होते. मग पुन्हा एक उकळी काढा. उकळत्या लापशीत मोडाचं पीठ घातलं तर ते द्रव्य मरतं आणि काहीच घडत नाही. काहीही केलेलं असो, मिक्सरनंतर बारीक गाळणीतून किंवा मलमलच्या फडक्यातून गाळल्याशिवाय नळीत घालायचं नाही.

नळी तुंबली की दोष लापशीला जातो. खरी गुन्हेगार पुष्कळदा औषधं असतात. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून त्यांची पूड फीडमध्ये कालवली की तिचा चिखल होतो. प्रत्येक गोळी वेगळी, अगदी बारीक कुटा, १५-२० मिली पाण्यात विरघळवून द्या आणि दोन औषधांच्या मध्ये १० मिली पाणी सोडा. घट्ट सिरप तेवढ्याच पाण्यात सैल करा. काही गोळ्या कुटायच्याच नसतात. ॲसिडिटीसाठीच्या पॅन्टोप्राझोल गोळीवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असतं. ते फोडलं की औषधाचा उपयोग होत नाही. मॉर्फिनच्या बारा तास पुरणाऱ्या गोळीचं तर सांगायलाच नको. ती कुटली की बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो आणि श्वास मंदावू शकतो. डिस्चार्जच्या दिवशीच प्रत्येक गोळीवर बोट ठेवून ‘ही कुटून चालेल का?’ असं विचारा. बद्धकोष्ठासाठी इसबगोल नळीतून कधीच नको. ते नळीतच फुगतं. सब्जाही तसाच.

तुंबलेली नळी उघडायला कोल्ड्रिंक घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्यातल्या आम्लाने दूध आणखी फाटतं आणि बूच घट्ट बसतं. तार, सुई तर मुळीच घालू नका. ५० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हळू आत ढकला, दट्ट्या मागे ओढा, पुन्हा ढकला. बाहेरची नळी बोटांमध्ये हलकेच चोळा. पाणी आत ठेवून १५-२० मिनिटांनी परत प्रयत्न करा. जोर वाढवण्यासाठी ५ मिलीची सिरिंज घेऊ नका. लहान सिरिंजचा दाब फार मोठा असतो, नळी फाटते. दोन-तीनदा करूनही उघडली नाही तर हॉस्पिटल गाठा. हे सगळं टाळायचं असेल तर प्रत्येक फीडच्या आधी आणि नंतर ३० ते ५० मिली पाणी सोडा, रात्रीच्या शेवटच्या फीडनंतरही.

आडवं झोपवून भरवू नका. बसवा, निदान पाठ ३० ते ४५ अंश उचलून ठेवा, आणि नंतर पाऊण-एक तास तसंच राहू द्या. दट्ट्या काढून सिरिंज वीतभर उंच धरा आणि २०० मिली १५-२० मिनिटांत आपल्या वजनाने उतरू द्या. घाईने ढकललं की मळमळ, पोटफुगी, जुलाब. तयार फीड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये त्याहूनही कमी.

नाकाच्या नळीवर नाकपुडीपाशी मार्करने खूण करा आणि दर वेळी ती जागेवर आहे का बघा. खूण सरकली असेल, किंवा खोकला, धाप, ओठ निळसर दिसत असतील तर काही घालू नका. हवा सोडून पोटावर आवाज ऐकणं किंवा नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं, या दोन्ही जुन्या युक्त्या भरवशाच्या नाहीत. गळ्याला श्वासाची नळी असेल आणि तिच्यातून फीडच्या रंगाचा स्राव आला तर तो पदार्थ श्वासमार्गात गेलाय असं समजून लगेच निघा.

नाकातली नळी निघाली तर जवळच्या दवाखान्यात परत घालून घेऊ नका. घशात ताजे टाके किंवा बसवलेला मांसाचा तुकडा असेल तर अंदाजाने सरकवलेली नळी ते उसवू शकते. ऑपरेशन केलेल्या टीमकडेच जा. पेगचं उलट: वाट बघायची नाही. पोटावरचं भोक काही तासांत आकसतं. स्वच्छ कापड ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटलला पोहोचा. पेग बसवून महिनाही झाला नसेल तर ती घरी आत ढकलू नका. ती पोटाऐवजी बाजूच्या पोकळीत जाऊ शकते.

पेगची बाहेरची चकती कातडीत रुतलेली किंवा सैल लोंबणारी, दोन्ही नको. दोन ते पाच मिलीमीटर जागा हवी. जखम भरल्यावर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे नळी रोज गोल फिरवा, नाहीतर आतली चकती पोटाच्या भिंतीत गाडली जाते. नाकाच्या नळीची चिकटपट्टी रेडिएशन झालेल्या कातडीवर लावू नका, आणि मिशा असतील तर आधी काढा.

तोंडाने खाणं बंद आहे म्हणून ब्रश बंद होतो. न खाणाऱ्या तोंडातही जंतू वाढतात आणि तीच लाळ छातीत उतरते. लिटरभर पाण्यात एक-एक छोटा चमचा मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा तोंड धुवा. ठसका लागत असेल तर त्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून घ्या. गिळण्याचे आणि जबडा उघडण्याचे व्यायामही नळी आहे म्हणून सोडू नका. गिळणं तपासणाऱ्या थेरपिस्टने परवानगी दिली असेल तर दिवसातून काही चमचे पाणी तोंडाने घ्याच; महिनोन्‌महिने न वापरलेले गिळण्याचे स्नायू कमजोर पडतात आणि मग नळी काढायची वेळ लांबत जाते.