पहिल्या वर्षाचं डिफरन्शियल कॅल्क्युलस: आकडे घालून अभ्यास कसा करायचा

इंजिनिअरिंगचं एम-१ (पहिल्या सेमिस्टरचं गणित) असो नाहीतर एफवाय बीएस्सीचा कॅल्क्युलसचा पेपर, बहुतेक जण बारावीत डेरिव्हेटिव्ह करून आलेले असतात आणि नेमके त्यामुळेच अडकतात. एमएचटी-सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, समोर चार ऑप्शन, निगेटिव्ह मार्किंग नाही, मग सवय लागते ती ऑप्शन बघून उलटं मागे जायची. युनिव्हर्सिटीच्या मोठ्या प्रश्नाला ऑप्शन नसतात, स्टेपला मार्क असतात, आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे सांगायला शेजारी कोणी नसतं. म्हणून सांगतो, या विषयात जे काही लिहाल ते आकडे घालून स्वतः तपासायची सवय लावा, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो, आणि ही एक सवय लागली ना की अर्धी भीती पहिल्या महिन्यातच जाते.

सुरुवात डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे फंक्शन एखाद्या जागी किती वेगाने बदलतं त्याच्या, व्याख्येपासून करा, फॉर्म्युल्यापासून नाही. एक्सचा वर्ग हे फंक्शन घ्या आणि एक्स बरोबर ३ ला बघा. ३.१ चा वर्ग ९.६१, त्यातून ९ वजा केले, ०.१ ने भागलं, आलं ६.१. आता ३.०१ घ्या, वर्ग ९.०६०१, तसंच केलं की ६.०१. मग ३.००१ घेतलं की ६.००१. आकडा ६ कडे चाललाय हे डोळ्यांना दिसतं, आणि २ एक्स या फॉर्म्युल्यातून पण ६ च येतं. आता हेच ३ च्या ऐवजी ३ अधिक एच लिहून करा, वर्ग उलगडा, ९ गेले, उरलं ६ एच अधिक एचचा वर्ग, एचने भागलं की ६ अधिक एच, आणि एच शून्याकडे गेला की ६. फर्स्ट प्रिन्सिपल म्हणतात ते एवढंच. एक्सचा घन, एक छेद एक्स, स्क्वेअर रूट एक्स आणि साइन एक्स ही चार फंक्शन्स अशी कागदावर स्वतःच्या हाताने करा, स्क्वेअर रूटला वर-खाली कॉन्ज्युगेटने गुणावं लागतं, साइनला साइन सी वजा साइन डीचा फॉर्म्युला लागतो, पण चारही जमली की पुढच्या फॉर्म्युल्यांवर खरा विश्वास बसतो.

साइनचं करताना एक जागा हमखास येते, साइन एक्स भागिले एक्सचं लिमिट १. कॅल्क्युलेटरवर एक्स ०.१ घ्या, उत्तर ०.९९८३ यायला पाहिजे. ०.०१७४५ आलं तर कॅल्क्युलेटर डिग्री मोडमध्ये आहे. ही चूक आहेच पण बघण्यासारखी पण आहे, कारण तो ०.०१७४५ म्हणजे पाय (π) भागिले १८०. म्हणजे अँगल डिग्रीत मोजला असता तर साइनचं डेरिव्हेटिव्ह नुसतं कॉस आलं नसतं, प्रत्येक ठिकाणी हा पाय भागिले १८० शेपटासारखा लागला असता. कॅल्क्युलसमध्ये रेडियन का वापरतात याचं कारण हे आहे आणि कितीतरी जण पूर्ण सेमिस्टर काढतात तरी त्यांना ते कोणी सांगत नाही. सेटिंग लगेच बदलून ठेवा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी परत बघा.

आता चेन रूल, म्हणजे फंक्शनच्या आत फंक्शन असेल तर लागतो तो, कारण सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. साइन ऑफ एक्सचा वर्ग (वर्ग आतल्या एक्सचा, साइनचा नाही), याचं डेरिव्हेटिव्ह घाईत कॉस ऑफ एक्सचा वर्ग एवढंच लिहून मोकळे होतात, आतल्या फंक्शनचा २ एक्स राहून जातो. तपासायला एक मिनिट लागतं. एक्स बरोबर १ घ्या. साइन १ म्हणजे ०.८४१४७१. १.००१ चा वर्ग १.००२००१, त्याचा साइन ०.८४२५५०. फरक ०.००१०७९, भागिले ०.००१, आलं १.०७९. २ एक्ससकट लिहिलेलं उत्तर १ ला १.०८०६ देतं, जुळलं. २ एक्स विसरलात तर ०.५४ येतं, म्हणजे चूक लगेच उघडी पडते. एच ०.००१ घेऊन असं कुठलंही डेरिव्हेटिव्ह तपासता येतं, इम्प्लिसिट सोडलं तर जवळजवळ सगळंच, आणि घरी सराव करताना दर पाच-सहा गणितांमागे एक तरी असं तपासा. मागे उत्तर बघायचं ते त्यानंतर. लिहिताना पण आतलं फंक्शन वेगळ्या ओळीत यू म्हणून लिहा, थोडे दिवस हळू वाटेल पण तीन थरांचं फंक्शन आलं, लॉग ऑफ साइन ऑफ स्क्वेअर रूट एक्स वगैरे, की तेव्हा याची किंमत कळते.

अजून एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. कॅल्क्युलस येत नाही असं म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांना कॅल्क्युलस येत असतं, आठवी-नववीची बीजगणिताची गडबड असते. स्क्वेअर रूट ऑफ एक्सचा वर्ग अधिक ९ याला एक्स अधिक ३ करून टाकायचं, एक छेद ए अधिक बीचे दोन तुकडे करायचे, लॉग ऑफ बेरजेला लॉगची बेरीज करायची. इथे पण आकडाच घाला: एक्स ४ घेतला की स्क्वेअर रूट २५ म्हणजे ५, आणि ४ अधिक ३ मात्र ७. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, पहिल्या आठवड्यात अपूर्णांक, घातांक, लॉगचे नियम आणि ट्रिगच्या आयडेंटिटी एकदा नीट बसून करून घ्या, पुढचे चार महिने सुखाने जातात.

बीएस्सीवाल्यांना एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या, असतं आणि पहिल्यांदा वाचताना ते डोक्यावरून जातं. जाऊ दे. न्यूटन आणि लायब्निट्झने सतराव्या शतकात कॅल्क्युलस उभं केलं तेव्हा ही व्याख्या नव्हतीच, ती कोशी आणि वायरश्ट्रासच्या हातून एकोणिसाव्या शतकात पक्की झाली, तेव्हा तुम्हाला ती दोन लेक्चरमध्ये नाही समजली तर डोकं कमी आहे असं मुळीच नाही. सरळ रेषेपासून सुरू करा. ३ एक्स अधिक २ चं लिमिट एक्स १ कडे जाताना ५ आहे हे सिद्ध करायचंय. समोरच्याने एप्सिलॉन ०.०३ दिला, म्हणजे उत्तर ५ पासून ०.०३ च्या आत हवं, तर एक्स १ पासून ०.०१ च्या आत ठेवा. ०.००३ दिला तर ०.००१. म्हणजे डेल्टा कायम एप्सिलॉन भागिले ३. आकड्यांत हे दोनदा केलं की मग अक्षरांत लिहिणं सोपं जातं, रेषा झाल्या की वर्गाच्या फंक्शनकडे जा.

लोपिताल रूल (शून्य भागिले शून्य असं लिमिट अडलं की वरचं आणि खालचं डिफरन्शिएट करून काढायचं) सगळ्यांना आवडतो आणि म्हणून जिथे तिथे लावला जातो. (तो रूल खरं तर योहान बर्नूलीने शोधला, लोपितालने त्याला पैसे देऊन त्याच्याकडून शिकून घेतलं आणि १६९६ च्या आपल्या पुस्तकात छापला.) लावायच्या आधी वर-खाली शून्य किंवा इन्फिनिटी येतंय का हे लिहूनच बघायचं. (एक्स अधिक १) भागिले (एक्स अधिक २), एक्स शून्याकडे, उत्तर साधं अर्धं आहे, पण न बघता रूल लावला तर १ येतं. दुसरं म्हणजे वरचं वेगळं आणि खालचं वेगळं डिफरन्शिएट करायचं, क्वोशंट रूल इथे नाही.

रोल आणि लग्रांजच्या थिअरम पाठ करण्याआधी अर्थ धरा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची मूळ लांबी ९४.५ किलोमीटर, तेवढं अंतर कोणी ४५ मिनिटांत कापलं तर सरासरी वेग ताशी १२६, म्हणजे वाटेत कुठल्या तरी एका क्षणी स्पीडोमीटर बरोबर १२६ वर होता, लग्रांजचं मीन व्हॅल्यू थिअरम हेच सांगतं. दोन्ही टोकांच्या किमती सारख्या असतील तर मध्ये कुठेतरी डेरिव्हेटिव्ह शून्य होतं, हे रोलचं थिअरम. पण अटी सोडू नका. मॉड एक्स हे फंक्शन उणे १ पासून १ पर्यंत घ्या, दोन्ही टोकांना किंमत १, तरी मध्ये कुठेच डेरिव्हेटिव्ह शून्य नाही, कारण शून्यावर टोक आहे, डावीकडून उतार उणे १ आणि उजवीकडून १. पेपरात रोलसाठी कंटिन्युअस आहे, डिफरन्शिएबल आहे, टोकांच्या किमती सारख्या आहेत, या तीन ओळी कारणासकट लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मॅक्सिमा-मिनिमामध्ये डेरिव्हेटिव्ह शून्य काढलं की काम संपलं असं समजू नका, एक्सचा घन शून्यावर सपाट होतो पण तिथे ना मॅक्सिमम ना मिनिमम, आणि बंद इंटरव्हल असेल तर टोकं पण तपासायची. हा विचार आपल्याकडे फार जुना आहे, भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार येतो आणि ग्रह मध्यम स्थानापासून सर्वात जास्त सरकलेला असतो तिथे त्या फरकातला बदल शून्य होतो असंही येतं. त्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, कधी त्या बाजूला गेलात तर जरूर बघा.

मॅक्लॉरिनला, म्हणजे फंक्शन एक्सच्या घातांच्या बेरजेत लिहायला, पाचच सिरीज पाठ करा: ई रेज टू एक्स, साइन, कॉस, लॉग ऑफ १ अधिक एक्स, आणि १ अधिक एक्सचा एन घात. बाकी सगळं गुणून नाहीतर आत घालून निघतं. ई रेज टू एक्स गुणिले कॉस एक्स, चौथ्या घातापर्यंत: १ अधिक एक्स वजा एक्सचा घन भागिले ३ वजा एक्सचा चौथा घात भागिले ६. एक्स ०.१ घालून दोन्ही बाजू १.०९९६५ येतात का बघा. डेरिव्हेटिव्ह चार वेळा काढत बसलात तर तेच येतं, पण एक पान जातं आणि चुकायच्या जागा दुप्पट.

ग्राफसाठी फोनवर डेस्मॉस किंवा जिओजेब्रा टाका, फुकट आहेत, फंक्शन आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह एकावर एक काढून बघा. पण व्हिडिओ बघताना समजलं म्हणजे झालं असं धरू नका, बंद करून तेच गणित कोऱ्या कागदावर उतरवा, अडलात ती ओळ लाल पेनने खूण करा आणि ती ओळ घेऊनच सरांकडे किंवा मॅडमकडे जा. "सर, चॅप्टर समजला नाही" म्हटलं तर ते पण काय सांगणार, "इथून इथे कसं आलं" विचारलं की दोन मिनिटांत सुटतं. मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका, एक युनिट संपलं की त्याच आठवड्यात त्या युनिटचे सगळे जुने प्रश्न घड्याळ लावून सोडवा.